कवायतबाईंच्या वर्गातली खरखर

कवायतबाईंनी जन्मभर शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली. निवृत्त झाल्यावर त्या एका नव्या इमारतीत राहायला आल्या, पण घरात बसवेना, म्हणून त्यांनी तिथल्याच तळमजल्यावरच्या सभागृहात सकाळचा व्यायामवर्ग सुरू केला. वर्गाला येणारे बहुतेक जण साठीच्या आगेमागे. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाला नुसतंच घराबाहेर पडायला निमित्त. बाई कोपऱ्यात मोठा स्पीकर लावायच्या, त्यावर ठेक्याचं संगीत, आणि त्याच्याही वरताण त्यांचा स्वतःचा आवाज. तो आवाज स्पीकरशिवायही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचला असता, पण स्पीकर असला की वर्ग भरल्यासारखा वाटतो, असं त्यांचं मत होतं.

सभागृहाच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, कवळीवाले राहायचे. ते दातांच्या डॉक्टरांसाठी घरीच कवळ्या बनवायचे. मेणाच्या गादीवर एकेक दात चिमट्याने बसवायचा, जरा तिरका करायचा, मान मागे नेऊन पाहायचा, पुन्हा सरळ करायचा, असं ते काम. सकाळी डोळे ताजे असतात म्हणून दात बसवायचं काम ते सकाळीच काढायचे. नेमका तेव्हाच खालून ठेका सुरू व्हायचा आणि टेबलावरचे दात थरथरायला लागायचे. त्यांनी बाईंना आवाज कमी करायला सांगून पाहिलं. बाईंनी केलाही. पण दोन दिवसांत तो आपोआप पहिल्यासारखा झाला. मग कवळीवाले इमारतीच्या समितीकडे गेले.

बैठकीत ते म्हणाले, "माझं एक वेळ असू द्या. घरात बायको आहे, तिला बरं नसतं. या ढमढमीचा तिला किती त्रास होत असेल, याचा कोणी विचार केलाय?"

यावर कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं बऱ्याच जणांकडे होतं, पण बैठकीला बसलेल्या निम्म्या लोकांच्या तोंडात कवळीवाल्यांनीच केलेले दात होते. ते सैल झाले, टोचायला लागले, की घेऊन पुन्हा त्यांच्याचकडे जावं लागायचं. त्यांच्याविरुद्ध तोंड उघडायचं तर त्यांच्याच दातांनी उघडावं लागलं असतं. सभागृहात स्पीकर लावायचा नाही, असा ठराव झाला.

बाईंनी हे मनाला लावून घेतलं. वर्गातल्या दोन जावा त्यांना धीर द्यायला आल्या. या दोघी समोरासमोरच्या घरांत राहायच्या, वर्गाला एकत्र यायच्या आणि येता-जाता भांडायच्या. थोरली जाऊ म्हणाली, "मी बोलणारच होते बैठकीत."

धाकटी म्हणाली, "मग कोणी धरलं होतं?"

"पुढच्या आठवड्यात माझी खालची कवळी घासायला द्यायचीय."

बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पार्ट्यांना आणि कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा पुरवणारा एक माणूस त्यांचा जुना विद्यार्थी होता. त्याला सगळे साउंडवाला म्हणायचे. त्याच्याकडे बिनवायरच्या हेडफोनची एक पेटी पडून होती. पूर्वी लोक असे हेडफोन घालून रात्रभर नाचायचे म्हणे, आता ती टूम गेली. एक छोटं यंत्र टेबलावर ठेवायचं, त्याला फोन जोडून संगीत लावायचं, बाईंनी कॉलरला माइक लावायचा, की सगळं प्रत्येकाच्या कानात. बाहेर चिटपाखरालाही ऐकू जाणार नाही. साउंडवाल्याने पेटी वर्गासाठी देऊन टाकली.

पहिले काही दिवस नुसती करमणूक झाली. मुकाट सभागृहात वीस-पंचवीस पोक्त माणसं एकाच वेळी हात वर करतायत, गोल फिरतायत, आणि आवाज म्हणाल तर फक्त चपलांचा. रस्त्याने जाणारे खिडकीशी थांबून पाहायचे. पण वर्गाला ते आवडायला लागलं. पूर्वी बाई लांबून ओरडायच्या, आता त्या प्रत्येकाच्या कानात बसून बोलायला लागल्या. धाकटी जाऊ म्हणाली, "इतक्या जवळून माझ्याशी घरातलं कोणी बोलत नाही."

या जवळिकीचा एक परिणाम असा झाला, की बाई बोलायला लागल्या. शाळेत असताना त्यांना सूचनेपलीकडे शब्द खर्च करायची सवय नव्हती. आता व्यायामाच्या आधी, अंग सैल करता करता, त्या कानात गप्पा मारायच्या. आणि गप्पा बहुतेक कवळीवाल्यांच्याच. ते जिना कसे उतरतात, जणू पायरी मेणाची आहे. ते माणसाकडे बघतात तेव्हा डोळ्यांकडे न बघता दातांकडे कसे बघतात. बाईंना नक्कल चांगली जमायची, आणि ऐकणाऱ्यांना हेडफोन घालून हसण्यात चोरून हसल्याची गंमत होती. एक दिवस त्या म्हणाल्या, "आपल्याला गप्प केलं ते काहीच नाही. बायकोला त्याने आधीच गप्प करून टाकलंय. कोणाला दिसली का वर्षभरात? अशी कवळी बसवली असेल तिच्या तोंडात, की उघडतच नसेल. ठेवली असेल कोंडून." सगळे हसले. थोरली जाऊ तर खाली बसली.

त्याच सुमाराला हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली.

आधी ती बारीक होती, कुठेतरी नळ अर्धवट उघडा राहिल्यासारखी. मग वाढली. खिडकीकडच्या रांगेत जास्त, दाराकडे कमी. बाईंचा आवाज त्यातून यायचा, पण मुसळधार पावसात पलीकडच्या गल्लीतून कोणी हाक मारावी तसा. काही वेळाने ती अचानक थांबायची आणि मग शेवटपर्यंत सगळं स्वच्छ. कधी मध्येच पुन्हा उठायची. रोज नेम वेगळा.

कारणांची काही कमतरता नव्हती. हेडफोन जुने आहेत. खिशातल्या मोबाइलमुळे होतं. भिंतीत सळया आहेत. हेडफोनला पण अंग मोकळं करायला वेळ लागतो, असं धाकटी म्हणाली. थोरलीचं म्हणणं होतं की आपण जास्त हसलो की होते, कारण हसताना जबडा हलतो आणि कानावरचं गादीचं कडं सरकतं. तिने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की दोन दिवस लोक ओठ मिटून हसत होते. फरक पडला नाही.

बाईंनी साउंडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, फोनचा आवाज पूर्ण वाढवा आणि हेडफोनचा कमी करा. मूळ आवाज बारीक असला की हेडफोन वाढवावा लागतो, मग खरखरही वाढते." बाईंनी तसं केलं. थोडा उतार पडला. मग त्याने यंत्र उंचावर ठेवायला सांगितलं, ते कपाटावर गेलं. जोडवायर बदलायला सांगितली, ती बदलली. सगळ्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून झाल्या. सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत घालून जिन्याखाली नेऊन ठेवले, तर वर्ग संपल्यावर सगळे मोबाइल एकाच रंगाचे निघाले आणि त्या दिवशी दोघांनी एकमेकांचे फोन घरी नेले. खरखर होती तिथेच होती.

ज्यांच्या कानात आधीच काही ना काही वाजायचं, ते एकेक करून यायचे बंद झाले. एक निवृत्त बसचालक जाताना म्हणाला, "बाई, जन्मभर इंजिनाशेजारी बसलो. आता पुन्हा नको."

हे बाईंना लागलं. स्पीकर गेला तेव्हा त्यांना राग आला होता, आता काळजी वाटायला लागली. आणि काळजी वाटली की त्यांचा संशय एकाच दिशेला जायचा. त्या माइकवरच म्हणायला लागल्या, "वरून आशीर्वाद येतोय. काहीतरी यंत्र बसवलंय त्याने. स्पीकर बंद करून पोट भरलं नाही."

शेवटी एका सकाळी त्यांनी साउंडवाल्याला वर्गाच्या वेळेलाच बोलावून घेतलं. तो आला तेव्हा खरखर ऐन रंगात होती. त्याने एक हेडफोन कानाला लावला, सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत फिरला आणि खिडकीपाशी थांबला.

"हे आपल्या यंत्राचं नाही, बाई. दुसरं कोणीतरी याच चॅनेलवर आहे. दोन्ही एकमेकांत अडकतात, म्हणून खरखर."

"मी काय म्हणत होते?" बाई म्हणाल्या.

"कोण ते चालत जाऊन बघावं लागेल. तुम्ही वर्ग चालू ठेवा."

पण बाईंना खाली थांबायचं नव्हतं. त्यांनी कॉलरचा माइक काढला, धाकटीच्या कॉलरला लावला आणि म्हणाल्या, "हात, खांदे, कंबर, या क्रमाने घे." धाकटीला हे अनेक दिवसांपासून हवं होतं. साक्षीला म्हणून बाईंनी थोरलीला बरोबर घेतलं. थोरलीची यायची फारशी इच्छा नव्हती, कारण कवळी अजून घासून मिळायची होती.

साउंडवाला हेडफोन लावून पुढे, मागे दोघी. जिन्याच्या वळणावर तो म्हणाला, "वाढली." आणखी चार पायऱ्यांवर म्हणाला, "आता मध्येच कोणीतरी बोलतंय." पहिल्या मजल्यावर येऊन तो कवळीवाल्यांच्या दारासमोर थांबला, आणि त्याने हेडफोन काढून बाईंच्या कानाला लावला. खरखर नव्हती. एक माणूस स्वच्छ आवाजात बातम्या देत होता.

बाईंनी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. कवळीवाल्यांच्या बोटांना गुलाबी मेण लागलं होतं आणि कपाळावर भिंग वर सरकवलेलं होतं. त्यांनी सवयीने आधी थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"खालची परवा देतो म्हटलं होतं ना?"

"त्यासाठी नाही आलो," थोरली म्हणाली आणि बाईंच्या मागे सरकली.

बाईंनी सरळच विचारलं, "तुम्ही घरात कसलं यंत्र लावलंय?"

"कसलं यंत्र?"

"आमच्या वर्गात खरखर होते ते."

कवळीवाल्यांना खरंच काही कळलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बाईंना मात्र ते दिसलं नाही. साउंडवाल्याने मध्ये पडून समजावलं, की मुद्दाम नसेल, पण इथून काहीतरी प्रसारित होतंय. कवळीवाले बाजूला झाले. "बघा काय बघायचं ते. माझं टेबल आत आहे. मेण गार होतंय, लवकर उरका."

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज नव्हता. टीव्हीशेजारी पसरट डबीसारखं एक यंत्र होतं आणि त्यावर हिरवा दिवा. समोर, दाराकडे पाठ करून, एक बाई उंच पाठीच्या खुर्चीत बसली होती. तिच्या कानांवर मोठाले हेडफोन होते. ती कवळीवाल्यांची बायको, इमारतीतल्या सगळ्यांची काकू, जिला वर्षभर कोणी पाहिलं नव्हतं. बेल तिला ऐकू आली नव्हती, माणसं आत आल्याचंही कळलं नव्हतं.

"हिला कमी ऐकू येतं," कवळीवाले म्हणाले. "टीव्ही मोठा लागतो. मग माझं काम होत नाही, म्हणून हे आणलं. हिचं हिच्या कानात."

तेवढ्यात काकूंनी रिमोटने टीव्ही बंद केला. डबीवरचा दिवा थोड्या वेळाने विझला. साउंडवाल्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि मान हलवली. "गेली. खालचं स्वच्छ यायला लागलं."

आणि खुर्चीतल्या काकूंनी दोन्ही हात सावकाश वर नेले. खांद्याच्या रेषेत आणले. पुन्हा वर नेले.

"हे काय करतायत?" बाईंनी विचारलं.

"करते रोज. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणते."

काकूंनी हात खाली घेतले आणि खांदे गोल फिरवायला सुरुवात केली, आधी पुढे, मग मागे. तो क्रम बाईंचा होता. आधी पुढे मग मागे, हे त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं, कोणत्याही डॉक्टरने नव्हे. बाई पाहत राहिल्या.

थोरलीने उत्सुकतेने साउंडवाल्याच्या हातातला हेडफोन घेऊन कानाला लावला. खाली तिची जाऊ वर्ग घेत होती, आणि कवायतबाईंच्या गादीवर बसल्यावर कवायतबाईंसारखंच बोलणं ओघाने आलं होतं. थोरलीच्या कानात तिचा आवाज आला, "आमच्या मोठ्या जाऊबाई वर गेल्यात, तोवर सांगते. घरी म्हणतात गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. आणि बाजारात सवलत लागली की मला मागे टाकून पळतात. फिरवा, फिरवा, खांदे फिरवा."

थोरलीचा चेहरा लाल झाला. तिने हेडफोन बाईंच्या हातात दिला. "ऐका. काय बोलतेय बघा माझ्याबद्दल. आणि हे सगळं इथपर्यंत येतंय."

बाईंनी ऐकलं. त्यांना धाकटीचं काही वाटलं नाही. त्यांना आठवलं ते स्वतःचं बोलणं. जिना, मेणाची पायरी, दातांकडे बघणं, आणि ती न उघडणारी कवळी. सगळं या खोलीत, या खुर्चीपर्यंत आलं होतं.

कवळीवाल्यांनी पुढे होऊन बायकोच्या खांद्याला हात लावला. काकू वळल्या. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि तिघांकडे पाहिलं. बाईंवर त्यांची नजर थांबली. बाई अजून काही बोलल्या नव्हत्या, तरी काकूंनी ओळखलं असावं, कारण बाईंच्या गळ्यात शिट्टी होती.

"या, कवायतबाई," काकू म्हणाल्या. "मला वाटलं होतं उंच असाल. आवाजावरून."

बाईंनी मोठ्याने विचारलं, "तुम्हाला किती दिवस ऐकू येतंय?"

"तुम्ही हे कानात घालायला लागलात तेव्हापासून. बातम्या लावल्या की बातम्या. बंद केल्या की तुम्ही." मग काकू म्हणाल्या, "मला कोंडून ठेवलेलं नाही. गुडघे आहेत, आणि कान आहेत."

"कोंडून कोण म्हणालं?" कवळीवाल्यांनी विचारलं.

काकूंनी ऐकू न आल्यासारखं केलं. ते त्यांना सोपं होतं.

साउंडवाल्याचं काम एका मिनिटाचं निघालं. काकूंच्या डबीच्या पोटाशी एक बारीक बटण होतं, ते त्याने एक घर सरकवलं. आता टीव्हीचा आवाज दुसऱ्या चॅनेलवर गेला. काकूंच्या हेडफोनलाही तसंच बटण होतं. ते इकडे केलं की टीव्ही, तिकडे केलं की वर्ग. "आता तुमचं तुमचं, त्यांचं त्यांचं," तो म्हणाला. "वर्ग ऐकायचा नसेल तर बटण हलवूच नका."

"मला ऐकायचाय," काकू म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. "अगं, त्या ढमढमीचा तुला त्रास होतो म्हणून मी समितीत गेलो."

"मला ढमढम ऐकू येत नाही हो. पायाला लागायची. जमिनीतून यायची. चांगलं वाटायचं, घरात कोणीतरी चालतंय असं."

"मला कधी म्हणाली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? मला कळलं तेव्हा ठराव होऊन गेला होता."

कवळीवाल्यांनी बोटांवरचं मेण खरवडून काढलं, त्याची गोळी केली आणि मेण गार होतंय म्हणून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशीपासून वर्गात खरखर राहिली नाही. बसचालक परत आला. पण वर्ग बदलला होता. बाई आता माइकवर सूचनेपलीकडे एक शब्द बोलायच्या नाहीत. हात वर, हात खाली, श्वास घ्या, सोडा. दोन जावा एकमेकींशी अबोला धरून लांब लांब उभ्या राहायच्या. बसचालक म्हणाला, "खरखर गेली ते चांगलं झालं, पण बाई, त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात की."

बाईंना वर जाऊन माफी मागायची होती. दोनदा त्या जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. माफी मागायची तर आवाज चढवून मागावी लागणार, आणि आवाज चढवला की आतल्या टेबलापाशी बसलेल्या माणसाला ती ऐकू जाणार, ही अडचण होती. शाळेत त्यांनी शेकडो मुलांकडून माफी वदवून घेतली होती, सगळ्यांसमोर, मोठ्याने. स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांना ती पद्धत फारशी बरी वाटली नाही.

मग एक दिवस वर्ग सुटताना कवळीवालेच दारात येऊन उभे राहिले. दात करायला टाकलेले लोक एकदम सावध झाले.

"निरोप आहे," ते बाईंना म्हणाले. "ती म्हणते हल्ली वर्ग फार सुका होतो. पूर्वी बोलायचात तसं बोला म्हणते. काय बोलायचात ते विचारलं, तर सांगत नाही. व्यायामाचंच काहीतरी असेल."

"हो, व्यायामाचंच," बाई म्हणाल्या.

"मग बोला की. आणि मी दुपारी डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला जातो, तेव्हा ती एकटीच असते. तेही सांगायला सांगितलंय."

त्या दुपारी बाई वर गेल्या. काकूंनी दाराला कडी घातली नव्हती. बाई त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल आणि तुमच्या नवऱ्याबद्दल वाटेल ते बोलले. ते चुकलं माझं."

काकूंनी त्यांच्या ओठांकडे पाहत ते पूर्ण ऐकून घेतलं. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस कानाला काही लावलंच नाही. मग कंटाळा आला. बातम्यांत माणसं माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हीही माझ्याशी बोलत नव्हतात, पण तसं वाटायचं."

"तरी ऐकत राहिलात?"

"नाही. एक युक्ती केली. तुम्ही यांच्यावर घसरलात की मी लगेच टीव्ही लावायची. मला नाही ऐकवत ते. अंदाजाने थोड्या वेळाने बंद करायची, तेव्हा तुमचे हातपाय सुरू झालेले असायचे. मध्येच पुन्हा घसरलात, की पुन्हा टीव्ही."

बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. "म्हणजे खरखर..."

"ती माझ्यामुळे होते हे मला आधी माहीत नव्हतं. मी टीव्ही बंद केला, की तुमच्या माइकमधून ऐकू यायचं, खाली कोणीतरी म्हणतंय, चला, गेली एकदाची. रोजच म्हणायचे. मग आला अंदाज." काकू जरा हसल्या. "खोटं कशाला बोलू, कळल्यावर बरं वाटलं. त्यांना बोल लावायचा, तर तुम्हालाही खरखर ऐकायला लागली पाहिजे."

"आम्ही मोबाइल टोपलीत घातले. भिंतीवर संशय घेतला."

"ऐकलं. टोपलीच्या दिवशी मी फार हसले."

बाईंनाही हसू आलं, पण पुरतं नाही. त्यांनी विचारलं, "मग सांगितलं का नाहीत कोणाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चॅनेल बदललं असतं. मला काय उरलं असतं?" काकूंनी मांडीवरच्या हेडफोनची कड उगाच चाचपली. "लोक आधी यायचे. मला ऐकू येत नाही, मग ते पुन्हा सांगायचे. तिसऱ्यांदा विचारलं की 'जाऊ दे' म्हणायचे. दिवसभरात इतके 'जाऊ दे' गोळा व्हायचे, की मीच दार लावून घेतलं. तुम्ही कधी 'जाऊ दे' म्हणत नाही. दहा वेळा सांगता, हात वर."

"ती शाळेची सवय," बाई म्हणाल्या.

त्यानंतर चहा झाला. कवळीवाले परत येण्याआधी बाई उठल्या.

वर्गातल्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या, पण त्यांचा रोख फिरला. बाई आता बहुतेक स्वतःवरच बोलायच्या, शाळेतल्या फजित्यांवर, आणि कधी बसचालकावर, तो परवानगी देऊन ठेवायचा म्हणून. कवळीवाल्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही. दोन जावांचा अबोला आठवडाभर टिकला आणि एका सकाळी हेडफोन कोणाचा यावरून भांडण होऊन सुटला.

स्पीकरचा ठराव कोणी मागे घेतला नाही. पण आठवड्यातून एका सकाळी कवळीवाले दात बसवायचं काम न काढता नुसतं घासायचं काम काढायला लागले, ज्याला थरथरीचं भय नसतं, आणि त्यांनी समितीच्या अध्यक्षांना तसं कळवलं. त्या दिवशी खाली मोठा स्पीकर लागायचा. काकू चपला काढून, पाय फरशीला टेकवून बसायच्या. कवळीवाल्यांच्या घासण्याच्या यंत्राचा आवाज आणि खालचा ठेका मिळून त्या सकाळी इमारतीत इतका गोंगाट व्हायचा, की दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तक्रार करायचा विचार केला. त्यांचेही दात कवळीवाल्यांचेच होते, म्हणून राहिलं.

एकदा सगळ्यांच्या आग्रहाखातर काकू खाली वर्गाला आल्या. नवरा एका बाजूने, थोरली जाऊ दुसऱ्या बाजूने, असा जिना उतरून झाला. त्यांना खिडकीजवळ खुर्ची दिली. सगळे येऊन भेटले, मोठमोठ्याने बोलले, एकाच वेळी बोलले. काकू हसत होत्या, मान हलवत होत्या. वर्ग संपल्यावर बाईंनी विचारलं, "उद्यापासून येणार ना?"

"नको," काकू म्हणाल्या. "इथे कोणाचंच धड ऐकू येत नाही. वरून सगळं येतं."

बाईंना ते जरा झोंबलं. पण दुसऱ्या दिवशी माइक लावल्यावर त्यांनी आधी छताकडे पाहून "नमस्कार काकू" म्हटलं, आणि मग वर्गाला हात वर करायला सांगितलं.